वनस्पती आणि निसर्गाची टपाल तिकिटे: संग्रह कसा सुरू करावा

वनस्पतींची टपाल तिकिटे जमवू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी अल्बम विकत घेण्याचा मोह आवरावा आणि एक कोरी वही समोर घ्यावी. जगातील जवळजवळ प्रत्येक टपाल प्रशासनाने कधी ना कधी फुले, झाडे, फळे किंवा जंगले तिकिटांवर छापली आहेत आणि त्यांत दरवर्षी भर पडत असते. त्यामुळे ‘फूल दिसले की घेतले’ या पद्धतीने जमवायला बसले, तर काही महिन्यांत शेकडो तिकिटे हाती येतात, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध राहत नाही. माझी पहिली दोन वर्षे अशीच गेली. तीन जाड स्टॉकबुके (तिकिटे न चिकटवता पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वह्या) भरली होती, तरी त्यांतले एखादे तिकीट तिथे का आहे असे कोणी विचारले, तर ‘ते सुंदर आहे’ यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हते. या छंदाचा खरा आनंद तिकिटावरच्या वनस्पतीला प्रश्न विचारण्यात आहे, आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच दृष्टीने सांगितल्या आहेत.

पहिली पायरी: विषय लहान करणे

‘फुले’ हा विषय एका आयुष्यात संपणारा नाही. ‘ऑर्किड’ हाही फार मोठा विषय आहे. नवख्याने याहून लहान तुकडा निवडावा. एखादी वनस्पती आणि तिचा माणसाशी आलेला संबंध हा माझ्या मते सुरुवातीला सर्वांत चांगला तुकडा आहे. भात, बटाटा, कापूस, कॉफी किंवा बांबू यांपैकी काहीही घेतले, तरी त्यात मूळ प्रदेश, लागवड, प्रवास, रोग, व्यापार आणि सण असे अनेक पदर निघतात आणि प्रत्येक पदराला तिकिटे सापडतात. दुसरा मार्ग वनस्पतीच्या जीवनक्रमाचा आहे. परागीभवन हा विषय घेतला, तर फुलाबरोबरच मधमाशी, फुलपाखरू, वटवाघूळ आणि गुंजनपक्षी यांचीही तिकिटे संग्रहात हक्काने येतात. मग एरवी ‘पक्षी’ म्हणून बाजूला पडले असते अशा तिकिटावर पक्ष्याची चोच कोणत्या फुलात आहे, हे आपण पाहू लागतो. तिसरा मार्ग अधिवासाचा आहे: खारफुटी, वाळवंट, उंच पर्वतावरील कुरणे, दलदल. कीटकभक्षी वनस्पती किंवा औषधी वनस्पती हेही विषय चांगले आहेत. मात्र औषधी वनस्पतींचा पसारा मोठा असल्याने तिथे ‘ताप उतरवणाऱ्या’ किंवा ‘हृदयावर काम करणाऱ्या’ अशी आणखी एक चाळणी लावावी.

विषय योग्य आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. वहीत त्या विषयाबद्दल दहा प्रश्न लिहावेत. प्रश्न सुचलेच नाहीत, तर विषय फार अरुंद आहे किंवा आपल्याला त्याची पुरेशी ओढ नाही. प्रश्न पन्नास झाले, तर त्यांतले दहा निवडावेत आणि तोच विषय मानावा.

आंतरराष्ट्रीय वर्षांचा इथे फार उपयोग होतो, कारण अशा वर्षी अनेक देश एकाच विषयावर तिकिटे काढतात. संयुक्त राष्ट्रांनी २००४ हे भाताचे, २००८ बटाट्याचे, २०११ वनांचे, २०१६ कडधान्यांचे, २०२० वनस्पती-आरोग्याचे आणि २०२३ भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आपला विषय यांपैकी एखाद्याशी जुळत असेल, तर त्या वर्षाच्या तिकिटांपासून शोध सुरू करावा. युरोपातील टपाल प्रशासने दरवर्षी एका समान विषयावर ‘युरोपा’ तिकिटे काढतात. १९९९ मध्ये तो विषय राष्ट्रीय उद्याने आणि निसर्गराखीव क्षेत्रांचा होता, तर २०११ मध्ये वनांचा. संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे टपाल प्रशासन १९९३ पासून संकटग्रस्त जातींची मालिका काढत आले आहे.

एक सूचना आताच द्यावीशी वाटते. अळिंबी म्हणजे बुरशी, आणि बुरशी ही वनस्पती नव्हे. अनेक देशांनी अळिंबीची अतिशय देखणी तिकिटे काढली आहेत आणि ती फुलांबरोबर एकाच पानावर लावण्याचा मोह होतो. तसे न करता त्यांना वेगळे स्टॉकबुक द्यावे.

दुसरी पायरी: तिकिटांवरील वनस्पतींचा इतिहास थोडक्यात समजून घेणे

जगातील पहिले चिकटवायचे टपाल तिकीट १८४० मध्ये ब्रिटनने काढले. त्यावर राणीचा चेहरा होता आणि पुढची अनेक वर्षे तिकिटांवर राजे, राण्या, मुकुट आणि आकडे यांचेच राज्य राहिले. वनस्पती आल्या त्या राजचिन्हांच्या मागून. आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या १८५१ च्या तिकिटांवर मध्यभागी मुकुट असून त्याभोवती इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचे थिसल, आयर्लंडचे शॅमरॉक आणि नोव्हा स्कोशियाचे मेफ्लॉवर आहेत, पण ती फुले तिथे प्रदेशांची प्रतीके म्हणून उभी आहेत. त्यावरून कोणी गुलाबाची जात ओळखू शकणार नाही. प्राण्यांच्या बाबतीतही सुरुवातीला अचूकतेकडे फारसे लक्ष नव्हते. न्यूफाउंडलंडच्या १८६५ च्या तिकिटावरील सीलला वल्ह्यासारख्या अवयवांऐवजी चक्क पंजे काढले आहेत.

वनस्पती स्वतःच्या ओळखीने तिकिटावर येणे ही मुख्यतः विसाव्या शतकातील गोष्ट आहे. ब्रिटनने १९६४ मध्ये दहाव्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनिमित्त चार फुलांची तिकिटे काढली. जपानने १९६१ मध्ये बारा महिन्यांची बारा फुले दाखवणारी मालिका काढली. अमेरिकेने १९८२ मध्ये पन्नास राज्यांचे पक्षी आणि फुले एकाच पत्रकात पन्नास तिकिटांवर छापली. हा फरक संग्राहकाने मनात ठेवावा: जुन्या तिकिटांवर फूल हे चिन्ह असते, तर अलीकडच्या तिकिटांवर ती एक निश्चित जात असते. आपल्या विषयाला दोन्ही लागू शकतात, पण त्यांची टिपणे वेगळ्या पद्धतीने लिहावी लागतात.

तिसरी पायरी: साहित्य

फार काही लागत नाही. गोल किंवा चपट्या टोकाचा तिकिटांचा चिमटा, काळ्या किंवा पांढऱ्या पानांचे एक स्टॉकबुक, दहापट मोठे दाखवणारे भिंग, दाते (तिकिटाच्या कडेच्या छिद्रांमुळे उमटणारी टोके) मोजण्याची पट्टी आणि वही एवढ्यावर दोन-तीन वर्षे निघून जातात. चिमट्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण बोटांवरचा घाम आणि तेल कागदात मुरते आणि त्याचा पिवळा डाग काही वर्षांनी वर येतो. सौंदर्यप्रसाधनांबरोबर मिळणारा दातेरी चिमटा वापरू नये, त्याने कागदावर ओरखडे उठतात.

दात्यांची पट्टी नवख्यांना अनावश्यक वाटते. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे बसतात, यावरून दात्यांचे माप ठरते आणि एकाच चित्राचे तिकीट दोन वेगळ्या मापांत निघाले असेल, तर कॅटलॉगमध्ये, म्हणजे तिकिटांच्या क्रमवार सूचीत, त्यांना वेगळे स्थान मिळते. आपण ज्याला दुबार प्रत समजून देऊन टाकणार होतो, ते वेगळेच तिकीट निघते, असे अनेकांच्या बाबतीत घडले आहे.

साठवणीच्या प्लास्टिकबद्दल मात्र कठोर राहावे. पीव्हीसीच्या मऊ पिशव्यांतून प्लास्टिक लवचिक ठेवणारी रसायने हळूहळू बाहेर येतात. माझी वीसेक कोरी तिकिटे अशा पिशव्यांत एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहिली, आणि काढायला गेलो तेव्हा हिरवा रंग पिशवीच्या आतल्या बाजूस उमटलेला होता. पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे, ग्लासीन या गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाची पाकिटे किंवा चांगले स्टॉकबुक वापरावे. स्टॉकबुक पुस्तकासारखे उभे ठेवावे, आडवे रचू नये. उन्हापासून आणि ओलसर भिंतीपासून ते दूर असावे. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. फार दमट हवेत बुरशीचे तपकिरी ठिपके येतात आणि कोऱ्या तिकिटांचा डिंक पानाला चिकटतो.

काही तिकिटांचा पदार्थच वेगळा असतो. स्वित्झर्लंडने २००४ मध्ये लाकडाचे आणि पोर्तुगालने २००७ मध्ये बुचाचे तिकीट काढले. भूतानने १९७३ मध्ये गुलाबाचा वास असलेली तिकिटे काढली, ब्राझीलने १९९९ मध्ये वणवे रोखण्याच्या संदेशासाठी जळक्या लाकडाच्या वासाची, तर भारताने २००६ मध्ये चंदनाच्या वासाचे. सुवासिक तिकिटे वारंवार घासून वास घेऊ नये आणि इतर तिकिटांपासून वेगळ्या पाकिटात ठेवावीत.

चौथी पायरी: तिकिटे मिळवणे

घरातील आणि ओळखीच्यांच्या जुन्या पत्रांपासून सुरुवात करावी. त्यानंतर मिश्र तिकिटांची पुडकी, इतर संग्राहकांशी अदलाबदल आणि टपाल प्रशासनांचे संग्राहकांसाठीचे विभाग हे मार्ग आहेत. पुडक्यातून आपल्या विषयाची थोडीच तिकिटे निघतात, पण हात आणि डोळा तयार होतो आणि उरलेली तिकिटे अदलाबदलीला कामी येतात.

घेताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. तिकिटावर शिक्का आहे, पण मागे डिंक शाबूत आहे, असे दिसले तर ते टपालात कधी फिरलेले नाही. संग्राहकांना विकण्यासाठीच त्यावर शिक्का छापलेला असतो. असे शिक्के बहुधा कोपऱ्यात अगदी नेमके, पाव वर्तुळाच्या आकाराचे असतात. सुरुवातीला ती घेण्यात काही गैर नाही, मात्र त्यांना खऱ्या टपालातून आलेल्या तिकिटाइतके महत्त्व देऊ नये. दुसरी गोष्ट, १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या सुरुवातीस अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन अशा आखाती अमिरातींच्या नावाने फुलांची आणि प्राण्यांची असंख्य रंगीत तिकिटे संग्राहकांच्या बाजारासाठी निघाली. त्यांतील अनेकांना प्रमुख कॅटलॉगांनी पूर्ण स्थान दिलेले नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एखाद्या देशाच्या परवानगीशिवाय त्याच्या नावाने छापलेली बेकायदा तिकिटे. ऑर्किड, फुलपाखरे आणि अळिंबी हे अशा छपाईचे आवडते विषय आहेत. जागतिक टपाल संघाच्या पुढाकाराने १ जानेवारी २००२ पासूनच्या अधिकृत तिकिटांची क्रमांकवार नोंद ठेवणारी यादी तयार झाली आहे. सहभागी देशाच्या तिकिटाबद्दल शंका आल्यास ती तिथे पडताळावी.

पाचवी पायरी: लिफाफ्यावरून तिकीट सोडवणे

आधी हे ठरवावे की तिकीट सोडवायचे आहे का. लिफाफ्यावर फुलाचे चित्र असलेला किंवा वृक्षारोपणाचा संदेश देणारा शिक्का असेल, तर आख्खा लिफाफा ठेवावा. विषयवार संग्रहात तो सुट्या तिकिटापेक्षा मोलाचा ठरतो. कोरे तिकीट कधीही भिजवू नये, त्याचा डिंक जातो.

सोडवायचे असेल तर तिकिटाभोवती एक बोट कागद राखून ते कापावे, म्हणजे दात्यांना कात्री लागत नाही. लाल, हिरव्या किंवा गडद रंगाच्या लिफाफ्यावरील तुकडे वेगळे काढावेत, कारण त्या कागदाचा रंग पाण्यात उतरतो आणि शेजारच्या पांढऱ्या कडांना लागतो. पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन त्यात थोडेच तुकडे चित्राची बाजू खाली करून सोडावेत. दहा-पंधरा मिनिटांत डिंक सुटू लागतो. तो सुटला की लिफाफ्याचा कागद आपोआप वर सरकतो, आणि ते होण्याआधी तिकीट ओढू नये. ओला कागद इतका मऊ झालेला असतो की चिमट्याच्या एका हिसक्याने मागचा थर सोलला जातो, आणि ती पातळ झालेली जागा उजेडासमोर धरली की कायम दिसत राहते. सुटलेले तिकीट दुसऱ्या स्वच्छ पाण्यात हलकेच फिरवावे, म्हणजे मागे राहिलेला डिंक निघून जातो. मग टीपकागदावर चित्र खाली करून ठेवावे. जवळजवळ वाळल्यावर दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये घालून वर जड पुस्तक ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे.

स्टिकरसारखी, स्वतः चिकटणारी तिकिटे ही अलीकडची अडचण आहे. अशी तिकिटे सर्वप्रथम १९६४ मध्ये सिएरा लिओनने काढली आणि आता ती सर्वत्र आढळतात. त्यांतील काही पाण्यात सुटतात, अनेक सुटत नाहीत. अशा वेळी कागदाची समान कड ठेवून तिकीट लिफाफ्याच्या तुकड्यासह जपणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

सहावी पायरी: वनस्पती ओळखणे

माझ्या दृष्टीने हे या छंदाचे हृदय आहे आणि इथे घाई करू नये. तिकिटावर शास्त्रीय नाव छापलेले असले, तरी ते तसेच उतरवून घेण्याऐवजी चित्राशी ताडून पाहावे. सदाफुलीचे उदाहरण घेऊ. तिकिटावर नुसते ‘पेरिविंकल’ असे इंग्रजी नाव छापले असेल, तर ते दोन वेगळ्या प्रजातींना लागू पडते: मूळची मादागास्करची सदाफुली आणि युरोपातील विन्का. भिंग घेऊन फुलाच्या मध्याकडे पाहावे. सदाफुलीच्या गुलाबी किंवा पांढऱ्या फुलात नळीचे तोंड अगदी बारीक असते आणि अनेकदा त्याभोवती गडद लाल डोळा असतो. विन्काचे फूल निळे-जांभळे असते, त्याच्या मध्यभागी फिकट रंगाचा पाच कोनांचा तारा दिसतो आणि पाकळ्यांची टोके तिरकी छाटल्यासारखी असतात. मग पानांकडे यावे. सदाफुलीची पाने समोरासमोर, लांबट आणि चकचकीत असून मधली शीर पांढुरकी असते. चित्रकाराने ती शीर दाखवली असेल, तर त्याने वनस्पती समोर ठेवून चित्र काढले, असे मानायला जागा आहे. दोन्ही वनस्पती कण्हेरीच्या कुळातील आहेत, हे कळले की त्यांचे साम्यही समजते.

याच सदाफुलीत नावाचा दुसरा धडा आहे. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने तिला विन्का रोझिआ म्हटले, पुढे लोक्नेरा रोझिआ हे नावही वापरात होते, आणि आता कॅथॅरँथस रोझिअस हे नाव मान्य आहे. त्यामुळे जुन्या तिकिटावर वेगळे नाव आढळले, तर ती लगेच छपाईची चूक समजू नये. रोझमेरीचेही तसेच आहे: पिढ्यान्‌पिढ्या रोस्मॅरिनस ऑफिसिनॅलिस म्हणून ओळखली जाणारी ही वनस्पती आता साल्व्हिया प्रजातीत गणली जाते. आपल्या टिपणात छापलेले नाव आधी, आजचे मान्य नाव नंतर आणि शेवटी कुळ, असा क्रम ठेवावा. आजचे नाव पाहण्यासाठी लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाची ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही विनामूल्य यादी विश्वासार्ह आहे. सदाफुलीतूनच व्हिंक्रिस्टिन आणि व्हिंब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळाली. एवढी एक ओळ टिपणात आली की ते तिकीट फुलांच्या पानावरून उठून औषधी वनस्पतींच्या पानावर जाते, आणि ते कुठे ठेवायचे हे आपण ठरवायचे असते.

तिकिटाची नोंद करताना देश, वर्ष, मालिका आणि कॅटलॉग क्रमांक लिहावा. स्टॅनली गिबन्स, स्कॉट, मिशेल आणि इव्हेर ए तेलिये हे चार प्रमुख कॅटलॉग आहेत. त्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून क्रमांकापुढे कॅटलॉगचे नाव लिहिले नाही, तर ती नोंद निरुपयोगी होते.

सातवी पायरी: पहिली सोळा पाने

स्टॉकबुकात शंभरेक तिकिटे आणि वहीत तेवढीच टिपणे झाली की मांडणीला बसावे. प्रदर्शनाच्या एका चौकटीत साधारणतः सोळा पाने बसतात, म्हणून सोळा हा आकडा धरून चालावे. पहिल्या पानावर शीर्षक आणि आराखडा, पुढे तीन किंवा चार प्रकरणे, आणि प्रत्येक पानावर एकच मुद्दा असावा. आंतरराष्ट्रीय फिलाटेली (टपाल तिकीट संग्रह) महासंघाच्या विषयवार वर्गात परीक्षणाच्या १०० गुणांपैकी ३५ गुण आराखडा आणि विषयाच्या मांडणीला, ३० ज्ञान आणि अभ्यासाला, ३० तिकिटांची अवस्था आणि दुर्मिळता यांना, तर सजावटीला केवळ ५ गुण दिले जात आले आहेत. प्रदर्शनात उतरायचे नसले तरी हे प्रमाण लक्षात ठेवावे. वेलबुट्टीच्या चौकटी आणि रंगीत कागद यांवर वेळ घालवण्यापेक्षा पुढच्या पानावरचे तिकीट मागच्या पानावरच्या तिकिटानंतर का येते, याचा विचार करावा.

सुट्या तिकिटांनी सोळा पाने भरू नयेत. प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेला लिफाफा), मिनिएचर शीट (एक किंवा काही तिकिटांचे सजवलेले छोटे पत्रक), चित्रमय शिक्का, छापील तिकिटाचे पोस्टकार्ड यांनी पानाला खोली येते. मॅक्सिमम कार्ड मला विशेष आवडते: चित्र असलेल्या पोस्टकार्डावर त्याच वनस्पतीचे तिकीट लावून, तिच्याशी संबंध असलेल्या ठिकाणचा शिक्का मारलेला असतो, त्यामुळे चित्र, तिकीट आणि स्थळ तिन्ही एकत्र बोलतात.

एखादे पान तिकिटाच्या मागच्या बाजूलाही देता येईल. जुन्या तिकिटांना लावला जाणारा डिंक बहुधा वनस्पतींपासूनच येई: अरबी डिंक बाभळीच्या जवळच्या एका आफ्रिकी झाडापासून, तर डेक्स्ट्रिन बटाट्यासारख्या पिकांच्या पिष्टापासून. अशा पानावर एक कोरे तिकीट पालथे लावावे आणि शेजारी त्या झाडाचे किंवा बटाट्याच्या फुलाचे तिकीट ठेवावे.

आराखड्यात हवे असलेले, पण अजून न मिळालेले तिकीट असले, तर त्याची जागा दुसऱ्या देखण्या तिकिटाने भरू नये. पान लावण्याआधीच त्या जागी पेन्सिलीने वनस्पतीचे नाव, देश आणि कॅटलॉग क्रमांक लिहून ठेवावा आणि तीच यादी अदलाबदलीला जाताना वहीच्या शेवटच्या पानावर सोबत न्यावी.